सावड नावाचा ब्लॉग

हेड ऑफिसला मधूनमधून एखादं नवं खूळ लागतं. आधी वाढदिवसाचे केक होते, मग जिन्यातल्या भिंतींवर कंपनीची मूल्यं रंगवून झाली, आणि त्या उन्हाळ्यात ब्लॉग आले. प्रत्येक टीमचा स्वतःचा ब्लॉग हवा, तो इंट्रानेटवर म्हणजे कंपनीच्या आतल्या माणसांपुरत्या वेबसाइटवर असेल, त्यावर टीमने आपलं काम, आपले अनुभव, आपल्या अडचणी 'मोकळेपणाने' मांडाव्यात, असं त्या मेलमध्ये लिहिलं होतं. मोकळेपणाने हा शब्द जाड ठशात होता. मुरबाडच्या कारखान्यातले सगळे ब्लॉग मांडायचं, त्यांना नावं द्यायचं आणि ते चालते ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदपत्रांच्या विभागात आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही बऱ्यापैकी लिहिते, आणि मला नाही म्हणायला नेहमी उशीर होतो.

आमच्याकडे औषधांची खोकी बनतात. पुठ्ठा छापायचा, कापायचा, घड्या पाडायच्या, गोंद लावायचा आणि गठ्ठे बांधून पाठवायचे. मी सापगावला राहते. किन्हवलीवरून स्कूटरने मुरबाडला जाते, आणि रस्ता इतका ओळखीचा झालाय की निम्मं भांडण मी मनातल्या मनात वाटेतच उरकून टाकते. त्या दिवसांत भांडण नावांवरून होतं.

हेड ऑफिसने नावांचा साचा पाठवला होता. आधी कारखान्याची इंग्रजी अक्षरं, मग विभागाची, मग आकडा. मला तो साचा बघूनच चीड आली. जिथे माणसांनी मोकळेपणाने बोलावं असं तुम्ही म्हणता, त्या दाराला कैद्यासारखा नंबर कसा लावता? मी तसं कळवलं. उत्तर आलं की शोधायला सोपं जातं. मी परत कळवलं की आमच्या माणसांना नंबर आठवत नाहीत, नावं आठवतात. असं आठ-पंधरा दिवस चाललं. शेवटी तोडगा निघाला, की आतला पत्ता साच्याप्रमाणे राहील, पण वर दिसणारं नाव टीमने ठरवावं.

मग मी विभागांतून फिरले. छपाईवाल्यांनी एकदम दणदणीत नाव दिलं, वादळ की तुफान असं काहीतरी. त्या ब्लॉगवर पहिल्या पोस्टनंतर आजतागायत काही आलेलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. स्टोअरवाल्यांनी साच्यातलंच नाव बरं आहे म्हणून सांगितलं, त्यांना जेवायला जायची घाई होती. कापणीवाल्यांचं नाव त्यांच्या साहेबांनी ठरवलं आणि त्यांना ते अजून माहीत नसावं.

पेस्टिंगला सगळ्या बायका. घडीच्या पट्टीला गोंद लागतो त्या यंत्रावर आणि पुढच्या टेबलांवर त्या काम करतात. कुणी किन्हवलीकडची, कुणी मुरबाडच्या आजूबाजूची, तिघी-चौघी सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या. सगळ्या ठेकेदाराच्या. त्यांच्यात एक वयस्क बाई आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणते. मी ब्लॉग म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मावशींनी विचारलं की हे एकीनं लिहायचं की सगळ्यांनी. मी म्हटलं, टीमचा आहे म्हणजे सगळ्यांनी. मग त्या आपसात बोलल्या आणि मावशींनी सांगितलं, "मंग सावड नाव ठेव."

आमच्या भागात सावड कुणाला सांगावी लागत नाही, पण सांगते. आवणीच्या दिवसांत भाताचं रोप लावायला माणसं कमी पडतात. मग चार घरं एक होतात. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात उतरायचं, उद्या माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, फक्त फेड असते. तू माझ्याकडे आलीस, तर मी तुझ्याकडे आलंच पाहिजे, मग माझ्या घरी काही का असेना. आणि बायका एकदा ओळीने चिखलात उतरल्या, की कुठलं रोप कुणी लावलं याची चौकशी कुणी करत नाही. मला ते नाव इतकं आवडलं की मी जागच्या जागी लिहून घेतलं.

हेड ऑफिसमधल्या एका गृहस्थांनी लगेच कळवलं की हा शब्द ऐकून त्यांना अस्थी सावडणं आठवतं, तेव्हा दुसरं काही बघावं. मी त्यांना चिखल, पाऊस, रोपं, सगळं सविस्तर लिहून पाठवलं. ते बहुधा कंटाळले. नाव मंजूर झालं आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. खरी अडचण कुठे होती ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ब्लॉग उघडताना नावाच्या खाली आणखी एक रकाना होता. ब्लॉगचा मालक. तिथे एकाच माणसाचं नाव बसत होतं. शिवाय ठेक्यावरच्या कामगारांना इंट्रानेटचं लॉगिन मिळत नाही, त्यामुळे अशा टीमला एकच लॉगिन, तेही त्या मालकाच्या नावावर.

बायकांनी एकीला पुढे केलं. ती सिद्धगडाच्या पायथ्याची. बारावी झालेली, फोनवर मराठी झरझर टाइप करणारी, बाकी बोलायला कमी. तिला पुढे करायला आणखी एक कारण होतं. सुपरवायझरने कायम करण्यासाठी तिचं नाव वर पाठवलं होतं, दिवाळीच्या सुमारास निर्णय व्हायचा होता, म्हणून साहेब लोकांना तिचं नाव ठाऊक होतं. मालक म्हणून तिचं नाव लागलं तेव्हा सगळ्या खूप हसल्या. घरात ताटलीसुद्धा सासूच्या नावाची, आणि इथे मालकीण, असं कुणीतरी म्हणालं आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

कायम होणं तिच्यासाठी काय होतं ते मला नंतर कळलं. तिच्या पाड्यावरची बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणच्या खाडीकडे, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर जोडी लागते, नवरा-बायको दोघं. एकट्या नवऱ्याला कुणी नीट काम देत नाही. जोडी गेली की पोरं मागे मागे जातात आणि शाळा सुटते. ती स्वतः अशीच दोनदा शाळेतून सुटलेली, मामाने पाड्यावर ठेवून घेतलं म्हणून बारावीपर्यंत पोचलेली. तिची मुलगी आता दुसरीत होती. सासू-सासऱ्यांनी एवढंच कबूल केलं होतं की कारखान्यात कायम झालीस तर राहा, नाहीतर यंदा जोडीनं चला. दरवर्षी ठेका संपेल की राहील या भरवशावर ते भट्टी सोडायला तयार नव्हते, आणि त्यांचंही चुकत होतं असं मला वाटत नाही.

ब्लॉग मात्र मजेत सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत त्या सुपरवायझरच्या केबिनमध्ये जमायच्या. ती संगणकासमोर बसायची आणि बाकीच्या तिच्या भोवती, हातात डबे घेऊन. एक सांगायची, दुसरी म्हणायची तसं नाय गो, तिसरी आधीचं वाक्य फिरवायची. मी एकदा मागे उभी राहून पाहिलं. त्या सहा ओळींत कुणाची ओळ कुठे संपते हे मला सांगता आलं नसतं. पहिली पोस्ट घडीबद्दल होती, की पुठ्ठा दमट असला की आतली घडी आधी मोडायची नाहीतर पट्टी उकलते. दुसरी पहिल्या पावसात रानात उगवणाऱ्या शेवळांची भाजी. शेवळं घशाला खाजतात, म्हणून काकडं नावाची आंबट फळं घालायची, काकडं कुठल्या झाडाखाली मिळतात, आणि नवीन सुनेला पहिल्या वर्षी शेवळं का शिजवू देत नाहीत. त्या पोस्टने हेड ऑफिस हललं. एक मोठ्या बाई, ज्यांचं नाव आम्ही फक्त परिपत्रकाखाली पाहिलेलं, त्यांनी खाली लिहिलं की असे ब्लॉग हवेत. आमच्या प्लांट हेड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मी त्या दिवशी घरी जाताना वाटेत कुणाशीही भांडले नाही.

गणपतीच्या आधी गोंद बदलला. नवा गोंद लवकर वाळतो, यंत्र जास्त वेगाने चालवता येतं. त्याला एक उग्र वास होता. आम्ही ऑफिसवाले पेस्टिंगवरून जाता-येता नाक दाबायचो आणि पुढे जायचो. गणपती झाल्यावर एका सकाळी मी संगणक उघडला, तर सावडीवर नवी पोस्ट होती. ती मला जवळजवळ पाठ आहे. 'नवा गोंद आला तेव्हापासून डोळे चुरचुरतात. दुपारनंतर डोकं धरतं. दोघींना उलट्या झाल्या. पंखा आहे तो वास बाहेर नेत नाही, आमच्याच तोंडावर आणतो. गोंद वाईट असेल असं आमचं म्हणणं नाही, आम्हाला त्यातलं कळत नाही. पण कुणीतरी येऊन आमच्याबरोबर एक पाळी उभं राहावं.'

एखादी पोस्ट थांबवायचा अधिकार मला होता, शिवीगाळ किंवा धर्माबिर्माचं काही असेल तर. यात तसं काही नव्हतं. मी ती दोनदा वाचली आणि राहू दिली. आजही मी ती राहूच देईन. अडचणी मोकळेपणाने मांडा म्हणून जाड ठशात तुम्हीच सांगितलंत, आता त्या मांडल्या.

दुपारपर्यंत त्या मोठ्या बाईंनी खाली विचारलं होतं, प्लांट हेडनी यावर खुलासा करावा. सगळ्या कंपनीला दिसेल असं.

प्लांट हेड साहेब मुळात वाईट माणूस नाहीत. कुणाच्या घरी मयत झाली तर गाडी देतात. पण चारचौघांत विचारलेला प्रश्न त्यांना झोंबला. त्यांनी मला बोलावलं, यावेळी चहा नव्हता. गोंद पुरवणाऱ्यांचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं होतं आणि त्यात सगळं ठीक होतं. पंखा बघून घेतो म्हणाले. मग विचारलं की हे लिहिलं कुणी. मी सांगितलं की सगळ्यांनी मिळून. ते म्हणाले, सगळे मिळून बटण दाबत नाहीत. नियम उघडून दाखवला. लिहिणाऱ्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर, आणि लिहिणारा म्हणजे ज्याचं लॉगिन. पडद्यावर तिचं नाव होतं, फोटोसकट. हेड ऑफिसच्या सांगण्यावरून तो फोटो मीच काढला होता, गठ्ठ्यांसमोर, तिला हसायला सांगून.

"हिचीच फाइल कायम करायला आली आहे ना माझ्याकडे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी मला जायला सांगितलं.

मी तशीच पेस्टिंगला गेले. सुट्टी व्हायची होती तरी मावशींना आणि बाकीच्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं की कुठलं वाक्य कुणाचं आहे ते सांगा. माझा हिशेब असा, की निदान चार-पाच नावं पुढे आली तर एकटीवर येणार नाही. मावशी म्हणाल्या, "आमी सगल्यांनी लिवलं. आता त्यातलं कोनतं कोनाचं, ते कसं सांगनार?" मी चिडले. हे भाताचं खाचर नाही, हा कारखाना आहे, इथे प्रत्येक गोष्टीखाली एकाचं नाव लागतं आणि त्याच्यावरच शेकतं, असं मी मोठ्याने बोलले. यंत्राच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. ती टेबलाशी उभी होती, हातातलं खोकं तिने खाली ठेवलं नाही. मला राग त्यांचा आला नव्हता. ज्या नावासाठी मी इतकी हौसेने भांडले होते, त्या नावाखालच्या रकान्यात तिला एकटीला उभं केलं गेलं होतं, आणि ज्यांना ते आधी दिसायला हवं होतं अशी माणसं आमच्या कंपनीत पगार घेतात. मीही घेते.

दोन दिवसांनी सगळ्या बायका सुट्टीत प्लांट हेडच्या केबिनबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. गावकीत जसं जातात तसं, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. गाव करी ते राव न करी, या हिशेबाने त्या गेल्या होत्या. आतून निरोप आला की एकीने यावं. एकीने कुणी, यावर त्यांचं ठरेना, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्या परतल्या. मी जिन्यातून हे पाहत होते. मला रडू येण्यापेक्षा कुणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं.

आठवडाअखेर साहेबांनी मार्ग काढला. त्यांच्या मते तो उदार होता. तिने ब्लॉगवर आणखी एक पोस्ट लिहावी. आधीची पोस्ट आपण एकटीने, कुणालाही न विचारता, खात्री न करता लिहिली, गोंदाचा कुणाला त्रास झालेला नाही, आणि झाल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत. बस, एवढंच. मग फाइल जाईल पुढे. तिचं नुकसान व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. हे तिला समजावायचं काम अर्थातच माझं.

मी समजावलं नाही, फक्त सांगितलं. तिने ऐकून मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती सुट्टीत सुपरवायझरच्या केबिनमध्ये संगणकासमोर बसली आणि मी दाराशी. एक शब्द टाइप करायची आणि पुसायची. मी म्हटलं, मी लिहून देऊ का? तिने मान हलवून नको म्हटलं. मग हळूच म्हणाली की एकटीनं कधी लिहिलेलंच नाही, सुचत नाही.

तेवढ्यात बाकीच्या आल्या. डबे घेऊन, नेहमीसारख्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. मावशींनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी लावली आणि म्हणाल्या, "लिव गो. मी एकटीनं लिवलं, इथनं चालू कर."

मावशींनी पुन्हा सांगितलं. तिने टाइप केलं. मग दुसरी म्हणाली की चूक झाली असं आधी घाल, सायबांना ते आधी लागतं. तिसरी म्हणाली की चूक नको, गैरसमज घाल, चूक म्हटलं की उद्या फायलीत राहतं. त्यावर थोडी चर्चा झाली. नेहमी व्हायची तशीच, अगदी तशीच, एक सांगते, दुसरी फिरवते. 'मी एकटीने', 'मी कुणाला न विचारता', 'यात इतर कुणाचा संबंध नाही', ही वाक्यं सगळ्या जणी मिळून ठरवत होत्या. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. खोटं बोलताना इतकं निगुतीने बोलणारी माणसं मी पाहिली नव्हती.

गोंदाच्या ओळीशी ती पुन्हा थांबली. ज्या दोघींना उलट्या झाल्या होत्या त्यातली एक तिच्या मागेच उभी होती. तीही तिच्याच पाड्यावरची, दोन लहान पोरांची आई. तिने पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लिव ना. कोनालाच उलटी झाली नाय. आज तुज्या शेतावर आमी हाव, तू कशाला थांबतं?"

त्या ओळीला ती रडली. रडत रडत टाइप केलं आणि बटण दाबलं. मग सगळ्यांनी डबे उघडले, कारण सुट्टीची पाचच मिनिटं उरली होती. मला कुणीतरी भाकरीचा तुकडा दिला. तो मी घेतला.

संध्याकाळपर्यंत त्या पोस्टखाली हेड ऑफिसच्या मोठ्या बाईंनी आवडल्याचा अंगठा उमटवला होता. खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं, प्रामाणिकपणे चूक कबूल करण्याची ही संस्कृती कौतुकास्पद आहे. मी संगणक बंद केला आणि वेळेआधी निघाले. किन्हवलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून थोडा वेळ उभी राहिले. भात पोटरीला आलं होतं. डोळ्यांसमोर मात्र तो अंगठाच होता.

दसऱ्यानंतर ती कायम झाली. पेढे आले. आधी मावशींनी खाल्ले, मग सगळ्यांनी, त्या खरंच आनंदल्या होत्या. मुलीची शाळा राहिली. त्याच आठवड्यात हेड ऑफिसने ठरवलं की ब्लॉगची नावं एकसारखी असावीत, आणि सावडीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि आकडा आला. मी त्यावर मेल लिहिली नाही. लिहिण्यासारखं आता त्या नावात काही उरलं नव्हतं असं मला वाटलं.

दिवाळीला ठेका नव्याने झाला. ठेकेदाराने सगळ्यांना परत घेतलं, दोघींना सोडून. ज्या दोघींना उलट्या झाल्या होत्या, त्याच. कारण विचारायला मी ठेकेदाराच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, माणसं वर-खाली होतातच, कारण काय असायचंय?" मला कुठलाही कागद दाखवता येणार नाही की हे कशामुळे झालं. पण गोंदाच्या पोस्टमध्ये त्यांची नावं नव्हती, माफीच्या पोस्टमध्ये तर त्यांना काही झालंच नव्हतं, आणि तरी कुणाला तरी बरोबर ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाने स्वतःच आधी चोराला माफीपत्र लिहून दिलं होतं.

खांद्यावर हात ठेवणारी ती बाई गेटपास परत करायला ऑफिसात आली. नवरा आणि ती जोडीनं भट्टीवर निघाले होते, पोरांसह. मी काहीतरी बोलायला गेले. ती उलट मलाच म्हणाली की बरं झालं, त्या वासातून सुटले. पंख्याचं काय झालं म्हणून विचारलं. पंखा बदलला होता, हे खरं आहे. वास थोडा कमी झाला होता, गेला नव्हता.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कायम झालेली ती माझ्या टेबलाशी आली. आता तिच्या गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र होतं. पूर्वी मॅडम म्हणायची, त्या दिवशी ताई म्हणाली. तिला झोप लागत नव्हती. पाड्यावरची घरं बंद होत होती आणि येता-जाता तिला शेजारच्या दाराला लावलेली कडी दिसत होती. सगळ्या जणी तिच्यासाठी उतरल्या आणि तिची फेडायची पाळी आली तेव्हा ती कोरडी उभी राहिली, असं तिचं म्हणणं. मी समजूत घातली की तू काय करणार होतीस, तुझ्या हातात काय होतं. तिने ते ऐकून घेतलं, पण तिला पटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मग तिने विचारलं की त्या ब्लॉगवरून माझं नाव काढता येईल का? मी बघितलं. नाव काढता येत होतं, पण रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. दुसरं कुणीतरी मालक लागत होतं. त्या गोंदाच्या पोस्टनंतर ठेक्यावरच्या कुणाचं नाव तिथे चालत नव्हतं. सुपरवायझरला मी विचारलं तर तो हात जोडून हसला. ती टेबलाच्या कडेला बोटं धरून उभी होती. कायम झाली तरी पहिले सहा महिने तिला कधीही काढता येत होतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी तिचं नाव पुसलं आणि तिथे माझं टाकलं. मनात फार मोठा विचार वगैरे नव्हता, रिकामा म्हणून लाल झालेला तो रकाना डोळ्यांना टोचत होता एवढंच.

पडदा क्षणभर फिरला आणि माझा फोटो वर आला. त्या इंग्रजी अक्षरांच्या आणि आकड्याच्या खाली, मालक म्हणून मी.

तिने तो बघितला. मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत म्हणाली, "मंग ताई, आता लिवायचं का? अजून डोले चुरचुरतात."

प्लांट हेडचं केबिन तिथून दिसतं, दार उघडं होतं. मला माझं घर आठवलं, कर्जाने घेतलेली स्कूटर आठवली, माझी नोकरी जायला अजून किती लोकांची काय काय संमती लागेल ते मी मोजायला लागले. पावसाळाभर मी या बायकांना सांगत होते की मोकळेपणाने लिहा, आणि मी एकटी एका रकान्यात पुरतं एक मिनिटही बसले नव्हते तर माझी ही गत. ती महिनोन्‌महिने तिथे बसली होती, दुसरीतल्या मुलीला घेऊन. मला तिच्यापुढे लाज वाटली नाही, मला नुसती भीती वाटली, आणि ती भीती तिने ओळखली असणार, कारण ती जायला वळली.

"थांब," मी म्हटलं. "आधी मावशींना आणि सगळ्यांना बोलव. मला एकटीला सुचणार नाही."